आजोबांचा जुना लाकडी मचवा: नवा मालक कसा शोधावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी, झापांच्या शेडमध्ये आजोबांचा शिडाचा मचवा कित्येक वर्षे वर ओढून ठेवलेला आहे. तुम्ही पुण्याला असता. भाऊबंदांना ती जागा मोकळी हवी आहे. एक व्यापारी सागाचे लाकूड म्हणून मचवा मागतो आहे, एका रिसॉर्टवाल्याला तो बागेत मांडायला हवा आहे आणि तुम्हाला तो पुन्हा पाण्यात गेलेला बघायचा आहे. आधी डागडुजी करून विकावा का, किंमत काय लावावी आणि घेणारा शोधावा कुठे, हे तुम्ही विचारले आहे.

आधी डागडुजी करू नका. किंमत हा या व्यवहारातला सगळ्यात छोटा भाग आहे, तीही नंतर बघू. खरा शोध आहे तो हा मचवा पुढची दहा वर्षे अंगावर घेऊ शकणाऱ्या माणसाचा. लाकडी नौका घ्यायला लागणारा पैसा आणि ती सांभाळायला लागणारा पैसा यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. घेणाऱ्याकडे नौका ठेवायला जागा, हाताशी सुतार आणि निदान पहिल्या वर्षाचा खर्च नसेल, तर त्याने तुम्हाला कितीही चांगली किंमत दिली तरी मचवा दुसऱ्या शेडमध्ये जाऊन कुजणार.

याचे मोठे उदाहरण आपल्याच मुंबईच्या गोदीतले आहे. वाडियांनी मलबारच्या सागात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश आरमाराची युद्धनौका १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरली. १८९७ मध्ये ती तोडायला विकली गेली होती. जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाने ती सोडवून घेतली, मुलांना दर्यावर्दीपणा शिकवण्याच्या कामाला लावली, आणि पुढे इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तिचे मोठे पुनरुज्जीवन झाले. ती आजही तिथे पाण्यात उभी आहे. याच कॉबने पुढे ‘इम्प्लॅकेबल’ सांभाळायला घेतली. ही मूळची फ्रेंच, ट्राफल्गरच्या लढाईत असलेली नौका. दुसऱ्या महायुद्धानंतर तिचा खर्च उचलायला कोणी उरले नाही, तेव्हा २ डिसेंबर १९४९ रोजी ब्रिटन आणि फ्रान्स, दोन्ही देशांचे झेंडे लावून ती आइल ऑफ वाइटजवळ समुद्रात बुडवली. दोन्ही नौकांना प्रेम करणारी माणसे भरपूर होती. खर्चाची तजवीज मात्र एकीचीच झाली.

आता तुमच्या मचव्याकडे येतो. विकण्याआधी दुरुस्ती का नको ते सांगतो, कारण घरातली मंडळी हाच आग्रह धरतील. जमिनीवर वर्षानुवर्षे पडलेल्या नौकेच्या फळ्या सुकून आक्रसतात आणि सांधे उघडतात. काही ठिकाणी तर आतून बाहेरचा उजेड दिसतो. बघणाऱ्याला वाटते, या फटी भरून टाकाव्यात. मग कोणीतरी त्यात सिमेंट, एपॉक्सी किंवा एमसील दाबून भरतो आणि वरून चकाचक ऑइल पेंट मारतो. पुढे मचवा पाण्यात उतरला की फळ्या पाणी पिऊन फुगतात. सांध्यात टणक माल बसलेला असल्यामुळे त्यांना फुगायला जागा राहत नाही. मग त्या खिळ्यांवरून उचलल्या जातात, किंवा आतल्या फासळीला तडा जातो. आपल्या सुतारांनी सांध्यात कापूस ठोकून वरून राळ आणि तेल घोटलेले लुकण लावायची पद्धत ठेवली, कारण हा माल दबतो आणि लाकडाबरोबर हलतो. रंगाचेही तसेच. नवा रंग जाणकाराला दोष लपवल्यासारखा वाटतो, तो पाहिला की माणूस दोन पावले मागे सरकतो. वरून फायबरचा थर मारून द्यायचा सल्लाही कोणी देईल. जुन्या, हलणाऱ्या लाकडावर तो थर फार काळ धरत नाही, आणि आत कोंडलेला ओलावा लाकूड खात राहतो. सुतार त्याला हात लावायला तयार होत नाहीत ते याचमुळे.

दुरुस्ती नको, पण आहे त्याहून बिघडू देऊ नका. लाकडी नौकेला खाऱ्या पाण्याची तेवढी भीती नसते जेवढी पावसाच्या गोड्या पाण्याची असते. कूज धरते ती वरून ठिबकलेल्या आणि कोपऱ्यात साचून राहिलेल्या गोड्या पाण्याने. म्हणून शेडचे झाप या पावसाळ्याआधी बदला. तळाचे बूच काढून ठेवा, म्हणजे आत गेलेले पाणी बाहेर पडेल. निळी ताडपत्री अंगाला घट्ट गुंडाळू नका, तिच्याखाली घाम धरतो. आत जुनी जाळी, गोणपाट, निर्माल्याच्या पिशव्या असे काही पडले असेल तर सगळे उचला आणि हवा खेळू द्या. खालचे टेकूही बघून घ्या. सगळे वजन पठाणावर, म्हणजे तळाच्या मुख्य सोटावर, ठिकठिकाणी टेकलेले असले पाहिजे. बाजूचे खांब फक्त तोल सांभाळायला. टेकू मातीत थेट उभे असतील तर खाली दगड घाला, वाळवी तिथूनच चढते.

मग एक दिवस काढून तपासणी करा. सोबत नौका बांधणारा जुना सुतार घ्या, घरबांधणीतला सुतार इथे चालणार नाही. पावसाळ्याआधी नौका वर ओढायच्या वेळी आणि नारळी पौर्णिमेच्या तोंडावर हे लोक मिळत नाहीत, म्हणून दिवाळीनंतर गाठा. त्याला त्याच्या दिवसाची मजुरी आधीच ठरवून द्या, म्हणजे तो मोकळेपणाने बोलेल. हातोडीने फळीफळीवर ठोकत जायचे. चांगले लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द. जिथे बद्द वाजेल तिथे टोच्या घुसवून बघायचा, आणि ती जागा खडूने आखून फोटो काढायचा. नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाच्या खांबाचा, पाया, मागच्या खांबाचा पाया, पठाणाला लागून असलेली पहिली फळी आणि फासळ्यांची खालची टोके इथे जास्त वेळ द्या, कारण पाणी तिथेच साचते. फळ्या सागाच्या असल्या तरी फासळ्या पुष्कळदा ऐनाच्या किंवा बाभळीच्या असतात. वरून साग ठणठणीत आणि आत फासळ्यांचा भुगा, असे होऊ शकते.

खिळ्यांभोवतीचे लाकूडही बघा. लोखंडी खिळा गंजतो तेव्हा स्वतःच्या भोवतीचे लाकूड मऊ करतो. फळी चांगली असूनही खिळा हाताने हलत असेल तर ती फळी टाकायची गरज नसते, खिळे नव्या जागी मारावे लागतात. हा फरक लिहून ठेवा, खर्चात तो फार मोठा पडतो. पाण्यातल्या किड्याचेही असेच. हा खरे तर शिंपल्याच्या जातीचा प्राणी. तो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आत बोटाएवढे बोगदे करतो, त्यांना आतून चुन्यासारखे पांढरे अस्तर असते. इतकी वर्षे कोरड्यावर असल्यामुळे तुमच्या मचव्यात आता तो जिवंत नाही, पण त्याने केलेले बोगदे आहेत का, हे पाण्याखालच्या फळ्यांत बघितलेच पाहिजे.

इथे एक गोष्ट खास सांगायची आहे. मुंबईहून कोणी सर्व्हेयर आणलात तर तो पठाणाच्या खाली दोरी ताणेल आणि ‘कणा मधे उचलला गेला आहे’ असे लिहून देईल. आपल्याकडच्या अनेक जुन्या मचव्यांचा आणि पत्तेमारींचा, म्हणजे शिडाच्या मालवाहू नौकांचा, पठाण बांधतानाच मधे उचललेला असायचा. म्हणजे जो दोष वाटतो ती मूळची घडण असू शकते. खरोखर वाकलेल्या नौकेत ते दुसरीकडे दिसते: वरच्या कडेची रेषा मधेच मोडल्यासारखी होते, नाळ आणि मागचा भाग खाली उतरतात, आणि मधल्या फासळ्यांवरचे सांधे फाकतात. हा निवाडा म्हाताऱ्या सुताराकडूनच करून घ्या.

तपासणीच्याच दिवशी मापेही घेऊन टाका. या कामाला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. आपल्या किनाऱ्यावर नौका कागदावर आखून बांधल्या गेल्या नाहीत. आकार सुताराच्या डोळ्यात असायचा आणि बापाकडून मुलाकडे जायचा. आता किनाऱ्यावर बहुतेक नव्या नौका फायबरच्या, साच्यातून निघतात, आणि डोळ्यात आकार असणारी माणसे उतारवयात आहेत. त्यामुळे तुमच्या मचव्याची मापे हाच त्या सुताराचा उरलेला कागद आहे. पठाणाला समांतर एक दोरी ताणा, तिच्यावर दर दोन फुटांनी खूण करा, प्रत्येक खुणेवर ओळंबा सोडा आणि ओळंब्यापासून फळीपर्यंतचे आडवे अंतर दर सहा इंच उंचीवर मोजून तक्त्यात भरा. दोन माणसांचे एक-दोन दिवसांचे काम. जवळपास आर्किटेक्चरचे कॉलेज असेल तर विद्यार्थी हौसेने येतात. डोलकाठी, परबाण (शीड बांधायची आडवी काठी), सुकाणू, वल्ही हे सारे वेगळे मोजा. मचवा वाचला तर हा तक्ता नव्या सुताराला उपयोगी पडेल. नाही वाचला तर त्यावरून दुसरा बांधता येईल.

आता खर्चाचा अंदाज आणि किंमत. सुताराकडून बदलायच्या फळ्यांची आणि फासळ्यांची यादी करून घ्या आणि घनफुटांत मांडा. १२ फूट लांब, ९ इंच रुंद, सव्वा इंच जाड फळी म्हणजे जवळजवळ एक घनफूट. तासणीत वाया जाणारे वेगळे. चांगल्या सागाचा घनफुटाचा भाव काही हजारांत असतो, तुमच्या तालुक्याच्या वखारीत त्या दिवशीचा भाव विचारा. त्यात सुतार आणि मदतनिसाची रोजंदारी, खिळे, कापूस, राळ, तेल, नवे शीड, दोर हे सगळे धरा. हा आकडा पाहून तुमच्या लक्षात येईल की घेणाऱ्याला तुमच्या विक्रीच्या किमतीच्या कित्येक पट खर्च पुढे करायचा आहे. म्हणून किंमत लाकडाच्या भंगारभावाच्या आसपास किंवा खालीच ठेवा. आजोबांच्या आठवणींची किंमत त्यात मिळवू नका, ती कोणी देणार नाही आणि मागू नये.

फुकट मात्र देऊ नका. फुकट म्हटले की नौकेचे स्वप्न पाहणारे, पण खिशात हात न घालणारे पुष्कळ येतात, ‘पुढच्या महिन्यात नेतो’ म्हणतात, आणि तेवढ्यात एक पावसाळा निघून जातो. थोडी का होईना रक्कम घ्या, आणि न्यायची तारीख व न्यायचा खर्च घेणाऱ्यावर ठेवा. त्या तारखेला जो खरोखर ट्रेलर किंवा टोचन घेऊन येतो तोच तुमचा माणूस.

जाहिरात कशी लिहावी, याचा नमुना देतो. मापे तुमची घाला:

‘सागाचा शिडाचा मचवा. लांबी ३१ फूट, रुंदी ८ फूट. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी बांधलेला, एकाच घराण्यात राहिलेला. कित्येक वर्षे शेडमध्ये कोरड्यावर आहे, सध्या पाण्यात टाकण्यासारखा नाही. नाळेजवळच्या डाव्या बाजूच्या खालच्या ३ फळ्या आणि ५ फासळ्या बदलाव्या लागतील. सर्व सांधे नव्याने भरावे लागतील. पठाण ठणठणीत. डोलकाठी व सुकाणू मूळचे, शीड नाही, इंजिन नाही. सुताराचा तपासणी अहवाल, मापांचा तक्ता आणि फोटो मिळतील. पाण्यात वापरण्यासाठी घेणाऱ्यास प्राधान्य. नेण्याची मुदत: येत्या अक्षय्य तृतीयेपर्यंत.’

दोष आधी, कौतुक नंतर. फोटोही तसेच: कुजलेल्या जागा जवळून, शेजारी फूटपट्टी ठेवून. एक फोटो नाळेच्या सरळ समोरून आणि एक मागून घ्या, त्यात अंगाचा डौल आणि वाक दोन्ही कळतात. आजोबा नौकेवर असतानाचा जुना फोटो असेल तर तोही लावा. नौका कोणी बांधली, कुठल्या बंदरांत फिरली, काय वाहिले, हे म्हाताऱ्या आत्या-काकांकडून आत्ताच लिहून घ्या. तो कागद नौकेबरोबरच दिला गेला पाहिजे.

जाहिरात लावायची ती नुसती मोबाईलवरच्या खरेदी-विक्रीच्या ॲपवर नाही. तिथे लाकूडवाले पहिले येतात. मच्छीमार सोसायट्यांचे फलक, जाळी आणि रंग विकणारी दुकाने, हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण इथल्या जेट्ट्या, मुंबईत भाऊचा धक्का, आणि मुंबई-गोव्याचे सेलिंग क्लब, निवृत्त नौदल अधिकाऱ्यांचे गट इथे ती जाऊ द्या. राजपुरीहून जंजिऱ्याला माणसे नेणाऱ्या शिडाच्या होड्यांचे चालक लाकूड आणि शीड दोन्ही ओळखतात, त्यांच्याही कानावर घाला. गोव्यात दिवाडीला बांधलेली आणि २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ ही दोराने शिवलेली नौका बघून लाकडी शिडाच्या नौकांकडे नव्याने वळलेली तरुण मंडळी आहेत. तुमचा मचवा खिळ्यांचा, जात वेगळी, पण तो चाहता वर्ग तुमच्या कामाचा आहे.

येणाऱ्यांपैकी धंदा करणारा नाखवा बहुधा घेणार नाही. त्याला फायबर परवडते, आणि त्याला नावे ठेवू नयेत. दरवर्षी महिनाभर सुतार पोसणे त्याच्या हिशेबात बसत नाही. पण बंदरातल्या सगळ्यांना ओळखणारा तोच असतो, म्हणून त्याच्याशी चहापाण्याचे बोलणे ठेवाच. वस्तुसंग्रहालयांना पत्र लिहायला हरकत नाही, गुजरातेत लोथलला राष्ट्रीय सागरी वारसा संकुलही उभे राहते आहे. पण संस्थेला जागेची आणि कागदपत्रांची अडचण असते, आणि उत्तराला वेळ लागतो. त्या एका उत्तरावर मचव्याचे भवितव्य टांगून ठेवू नका.

रिसॉर्टवाल्याबद्दल तुमच्या मनात अढी दिसते. मला त्याचा प्रस्ताव सरसकट वाईट वाटत नाही. पठाण गेला असेल, निम्म्या फासळ्या गेल्या असतील आणि दुसरा कोणी नसेल, तर छपराखाली सन्मानाने ठेवलेला मचवा तुटलेल्या मचव्यापेक्षा केव्हाही बरा. अट एकच, छप्पर. उघड्या बागेत, हिरवळीवर, आत माती भरून फुलझाडे लावलेली नौका मोजक्या पावसाळ्यांत संपते, सागाची असली तरी. छप्पर लेखी द्यायला तयार नसेल तर नाही म्हणा.

पाण्यात न्यायचा आहे असे म्हणणाऱ्याला मात्र नीट विचारा. कुठे ठेवणार? कोण सुतार काम करणार, आणि त्याने येऊन मचवा बघितला आहे का? आधी कुठली लाकडी नौका सांभाळली आहे? पहिल्या वर्षी काय करणार आणि दुसऱ्या वर्षी काय? ज्याला उत्तर माहीत नाही पण जो सुताराला घेऊन परत येतो, तो चालेल. एका फेरीत सगळे ठरवून, पैसे पुढे करून, सुताराचे नावही न काढणारा मला चालत नाही.

कागदपत्रांत घाई नको. मचवा आजोबांच्या नावावर असेल तर सर्व वारसांची लेखी संमती घ्या, भाऊबंदकीत पुढे हाच मुद्दा निघतो. तो कधी मासेमारीसाठी नोंदलेला असेल तर जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात नोंदणीची आणि परवान्याची स्थिती विचारा. नौका विकली म्हणजे मासेमारीचा परवाना तिच्याबरोबर आपोआप जात नाही. सोसायटीमार्फत किंवा एनसीडीसीचे (राष्ट्रीय सहकार विकास निगमाचे) कर्ज कधी काढले असेल तर ते फिटल्याचा दाखला हातात हवा. प्रवासी किंवा हौशी वापरासाठी घेणाऱ्याने महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे आधीच चौकशी करावी. आणि शेवटी तोडायचीच वेळ आली तर सागाचे लाकूड हलवण्यापूर्वी वनखात्यात वाहतूक परवान्याचे विचारून घ्या.

न्यायचे कसे, हेही आधी ठरते. रस्त्यावर २.६ मीटरपेक्षा रुंद वाहन चालत नाही, त्याहून रुंद नग न्यायचा तर खास परवानगी लागते. ८ फुटी मचवा त्यात जेमतेम बसतो, ९ फुटी बसत नाही. खाडीतून टोचन लावून न्यायचा असेल तर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती धरा. आधी काही दिवस ओली गोणपाटे अंगावर घालून लाकूड ओले करायचे, मग उथळ पाण्यात बसवून फळ्या फुगू द्यायच्या, आणि पंप चालू ठेवूनच जवळच्या बंदरापर्यंत जायचे. सुकलेली नौका थेट ओढत समुद्रात नेणे म्हणजे ती बुडवणे.

साध्या स्टॅम्प पेपरवर करार करा. नौका आहे त्या स्थितीत दिली, दोष सांगितले, अहवाल दिला, हे लिहा. पुढच्या पाच वर्षांत तोडायची किंवा विकायची झाली तर आधी तुम्हाला विचारावे, असेही लिहा. हे कलम कोर्टात किती टिकेल यापेक्षा समोरचा माणूस ते वाचून कसा सही करतो, यावरून बरेच कळते. नाव बदलायचे की ठेवायचे आणि नाळेवरचा देव कोणाकडे राहणार, हे घरातल्या थोरांना विचारून आधीच ठरवा; न्यायच्या दिवशी त्यावर वाद नको.

मुदतीपर्यंत कोणीच आले नाही, तर रिसॉर्टवाल्याशी छपराचे बोला. तोही नसेल तर लाकूडवाल्याला द्या, पण आधी त्याच सुताराला उभे करून मचवा क्रमाने उघडा. नाळ, एक पूर्ण फासळी तिच्यावरच्या फळ्यांसकट, सुकाणू आणि डोलकाठी बाजूला काढा, प्रत्येकावर कुठला भाग ते रंगाने लिहा, आणि मापांच्या तक्त्याची एक प्रत सुताराच्या घरी ठेवा. सुताराची गाठ पडली की अहवाल आणि फोटो मला दाखवा. फासळ्यांचे कळले की मुदत किती ठेवायची ते नक्की सांगता येईल.